सोळाव्या वर्षाचे लायसन्स आणि जाहिरातीतली गाडी

दहावीचा निकाल लागतो त्या सुमारास वेंगुर्ल्यात आंब्याचा हंगाम सरत आलेला असतो. बाजारपेठेत पेट्यांची जागा ताडपत्र्या, छत्र्या आणि रेनकोट घेऊ लागतात, बंदराकडून येणारा वारा बदललेला असतो आणि दुकानदार पावसाळी मालाच्या हिशेबात गुंतलेले असतात. याच दिवसांत, कोकणातील कोणत्याही तालुक्याच्या गावाप्रमाणे, येथेही आणखी एका गोष्टीची विक्री जोरात सुरू होते. वर्तमानपत्राच्या घडीत घालून येणारी पत्रके, नाक्यावरचे फलक आणि मोबाइलवर फिरणारी रंगीत चित्रे एकच प्रश्न विचारू लागतात: सोळा वर्षे पूर्ण झाली का? झाली असतील तर लायसन्स काढून घ्या, कागदपत्रांची काळजी आमच्यावर सोडा. चित्रात केस उडवीत स्कूटरवरून निघालेला मुलगा किंवा मुलगी असते. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असेलच असे नाही.

ही जाहिरात मुलाच्या मनाला भिडते यात नवल नाही. व्यापारी कुटुंबात ती वडिलांच्या मनालाही भिडते, हे मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. दुकानात माणसांची टंचाई असते. तुळस, मठ, शिरोडा, रेडी या बाजूच्या गिऱ्हाइकांकडे लहानसहान माल पोहोचवायचा असतो. अकरावीच्या शिकवणीसाठी कुडाळ किंवा सावंतवाडीला जायचे तर एसटीच्या वेळा पाळाव्या लागतात. अशा वेळी "पप्पा, सोळा पूर्ण झाली, आता लायसन्स मिळते," असे मुलगा म्हणाला की नकार देणे कठीण होते. बाजारात तर "सोळाक लायसन गावता" हे वाक्य कायद्याच्या कलमासारखे म्हटले जाते.

आणि ते खोटेही नाही. अडचण तीच आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 4 प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवण्याचे किमान वय 18 वर्षे आहे. त्याच कलमात एक अपवाद आहे: ज्या मोटारसायकलच्या इंजिनाची क्षमता 50 सीसीपेक्षा अधिक नाही, ती 16 वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीस चालवता येते. कलम 7 पुढे सांगते की अठरा वर्षांखालील अर्जदाराला बिनगियरच्या मोटारसायकलचे शिकाऊ लायसन्स हवे असेल तर पालकाची लेखी संमती हवी. म्हणजे अर्ज मुलाचा, पण सही वडिलांची किंवा आईची. जाहिरात बोलते मुलाशी आणि जबाबदारी उचलतो तो सही करणारा.

सही करण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावयास हवा. हे लायसन्स ज्या गाडीसाठी मिळणार, ती गाडी कोठे आहे? आज एखाद्या शोरूममध्ये जाऊन 50 सीसीची नवी पेट्रोल दुचाकी मागितली तर विक्रेता हसेल. घराघरांत दिसणाऱ्या बिनगियरच्या स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या आहेत. होंडा ॲक्टिव्हाच्या अलीकडच्या नोंदणी पुस्तकात क्षमतेच्या रकान्यात 109.51 असा आकडा असतो, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक. 'बिनगियर' हा शब्द लोकांच्या लक्षात राहिला आणि '50 सीसी' हा आकडा गळून पडला. सोळा वर्षांचा मुलगा 110 सीसीची स्कूटर चालवत असेल तर खिशात लायसन्स असूनही कायद्याच्या दृष्टीने तो त्या गाडीपुरता विनापरवानाच असतो.

हा अपवाद कायद्यात निरर्थक होता असे समजू नये. त्याच्या मागे एक काळ आहे, आणि त्या काळाचे नाव लूना. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 साली इटलीतील पियाजिओच्या 'चाओ' या गाडीच्या धर्तीवर 50 सीसीची ही मोपेड भारतात आणली. पायंडल मारून सुरू होणारी, पेट्रोल संपले तर सायकलसारखी रेटता येणारी, वजनाने हलकी. या कंपनीचे संस्थापक हस्तीमल फिरोदिया हे अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, समाजास परिचित अशा घराण्यातील. मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद भूषविलेले कुंदनमल फिरोदिया हे त्यांचे वडील. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याच्या त्या दिवसांत लूनाने शिक्षक, कारकून, दूधवाले, फिरते विक्रेते आणि महाविद्यालयीन मुलामुलींना पहिल्यांदाच स्वतःचे वाहन दिले.

1980 च्या दशकात दूरदर्शनवर आलेली 'चल मेरी लूना' ही जाहिरात अजूनही पन्नाशीच्या माणसांच्या ओठांवर आहे. पुढे भारतीय जाहिरातक्षेत्रात मोठे नाव झालेल्या पियूष पांडे यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी ती एक. त्या जाहिरातीने वेग विकला नाही. वेग विकण्याजोगा त्या गाडीत नव्हताच. तिने स्वावलंबन विकले, आणि ते विकताना गाडी आणि चालवणारा यांच्यात एक घरगुती जवळीक निर्माण केली. सोळा वर्षांच्या मुलाला कायद्याने जी गाडी दिली होती तीच गाडी जाहिरात दाखवीत होती. आज या दोहोंत जी फट पडली आहे ती तेव्हा नव्हती.

2000 नंतर लूना बंद पडली. चार-स्ट्रोक इंजिने आली, प्रदूषणाचे नियम कडक झाले, ग्राहकाला दोन माणसे घेऊन चढ चढणारी गाडी हवी झाली. छोटे इंजिन बाजारातून गेले, पण कलम 4 मधील अपवाद जागच्या जागी राहिला. रिकाम्या गोदामाला कुलूप असावे तसा.

छोट्या इंजिनाच्या जोरावर तरुणांना दुचाकीकडे वळवण्याची कला लूनाच्याही आधीची. अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या सुरुवातीस मोटारसायकल म्हणजे चामड्याचे जाकीट घातलेल्या उनाडांचे वाहन, अशी समजूत होती. जपानच्या होंडा कंपनीने तेथे 50 सीसीची सुपर कब आणली आणि होंडावर भेटतात ती भली माणसे, अशा अर्थाची जाहिरात केली. चित्रांत गृहिणी होत्या, विद्यार्थी होते, वडीलधारे होते. या घोषवाक्याची कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील एका विद्यार्थ्याच्या वर्गपाठातून आली होती. कंपनीने मुलांना थेट हाक मारली नाही. तिने आईवडिलांची भीती काढून टाकली, आणि मुले आपोआप आली. आजही चतुर जाहिरात हेच करते. स्कूटरच्या चित्रात शेजारी हसणारी आई उभी केलेली असते ती उगीच नाही.

होंडाच्या स्वतःच्या देशात मात्र पालकांनी याच्या उलट मोहीम उभारली. जपानमध्ये 50 सीसीच्या मोपेडचे लायसन्स सोळाव्या वर्षी मिळते. 1970 च्या दशकात मुलांचे अपघात आणि टोळक्यांचा उच्छाद वाढला तेव्हा उच्च माध्यमिक शाळांच्या पालक-शिक्षक संघटनांनी 1982 साली देशपातळीवर ठराव केला. लायसन्स काढू द्यायचे नाही, गाडी चालवू द्यायची नाही, विकत घेऊ द्यायची नाही. 'तीन नकारांची चळवळ' या नावाने ती ओळखली गेली. अनेक शाळांनी हे नियम कठोरपणे राबवले. परंतु बंदीखाली वाढलेला मुलगा शाळा सुटल्यावर एके दिवशी काहीही न शिकता रस्त्यावर येतो, हेही कालांतराने तेथील शिक्षकांच्या ध्यानात आले. सायतामा प्रांताने 2019 साली हा मार्ग सोडून मुलांना सुरक्षित चालवण्याचे शिक्षण देण्याचे धोरण स्वीकारले.

जपानचे दुसरे पाऊल आपल्या दृष्टीने अधिक बोलके आहे. तेथेही नव्या प्रदूषण-नियमांमुळे 50 सीसीची गाडी बनवणे परवडेनासे झाले. लायसन्स आहे पण गाडी नाही, हीच अवस्था तेथेही येऊ घातली होती. तेव्हा सरकारने एप्रिल 2025 पासून त्याच लायसन्सवर 125 सीसीपर्यंतची गाडी चालविण्यास मुभा दिली. अट अशी की तिची शक्ती कारखान्यातच 4 किलोवॅटपर्यंत मर्यादित केलेली असावी. बाजार बदलला तसा कायदा बदलला. आपल्याकडे बाजार बदलला आणि कायदा लोकांनी मनातल्या मनात बदलून घेतला.

ब्रिटनमध्ये शिकाऊ लायसन्सचा अर्ज 15 वर्षे 9 महिन्यांचा झाल्यावर करता येतो. ते वाचून एखादा म्हणेल, तेथे तर आपल्याहून लवकर! पण सोळाव्या वर्षी मोपेड रस्त्यावर नेण्याआधी तेथे सक्तीचे प्राथमिक प्रशिक्षण पुरे करावे लागते, आणि मोटारीसाठी सतरावे वर्ष लागावे लागते. अर्ज लवकर करणे आणि गाडी लवकर हाती घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडील पत्रकांत त्या एकच असल्यासारख्या छापल्या जातात.

गेल्या काही वर्षांत या जाहिरातींना एक नवी शेजारीण मिळाली आहे: 'लायसन्स नको, नोंदणी नको' असे सांगणारी विजेची स्कूटर. येथेही आधार खरा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या विजेच्या दुचाकीच्या मोटारीची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोपेक्षा अधिक नाही, आणि जिची अधिकृत संस्थेकडून चाचणी झाली आहे, ती मोटार वाहन समजली जात नाही. या सर्व अटी पाळणारी गाडी सोळा वर्षांच्या मुलाने चालवली तर कायद्याची हरकत नाही. पण ताशी 25 किलोमीटरचा वेग कोणत्या मुलाला पुरतो? वेंगुर्ल्याहून कोणत्याही दिशेला निघा, थोड्याच वेळात चढ लागतो. मग 'थोडी सेटिंग करून देतो' असे म्हणणारा कोणीतरी भेटतो आणि गाडी 40 ने, 45 ने धावू लागते. त्या क्षणी ती मोटार वाहन होते, आणि तिला नोंदणी नाही, विमा नाही, चालवणाऱ्याला परवाना नाही. 2022 साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने अशा बेकायदा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम घेतली होती.

योगायोगाने लूनाही परतली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये फिरोदिया घराण्याच्याच सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांच्या कायनेटिक ग्रीनने 'ई-लूना' बाजारात आणली. तिचा कमाल वेग ताशी सुमारे 50 किलोमीटर आहे. म्हणजे तिला नोंदणी लागते आणि लायसन्सही लागते. नाव जुने म्हणून 'लूना तर मुलेही चालवतात' असा समज कोणी करून घेऊ नये.

आता सही करणाऱ्याकडे वळू. 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कायद्यात कलम 199-अ आले. अल्पवयीन मुलाने मोटार वाहनाचा गुन्हा केला तर त्याचा पालक अथवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. आणि त्या मुलाला वयाची 25 वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. गाडी मुलाने पालकाच्या संमतीनेच नेली असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो. चावी गल्ल्याशेजारच्या खिळ्याला टांगलेली असेल तर दक्षता कशी सिद्ध करणार?

या कलमात पालकाला एक संरक्षण आहे, आणि एजंट नेमके तेच सांगतो: मुलाकडे लायसन्स असेल तर पालक सुटतो. एजंट वाक्य अर्धेच सांगतो. ज्या प्रकारच्या वाहनाचे लायसन्स मुलाला दिले आहे तेच वाहन तो चालवत असेल, तरच हे संरक्षण लागू होते. 50 सीसीचे लायसन्स घेऊन 110 सीसीवर बसलेल्या मुलाच्या वडिलांना ते लागू होत नाही.

व्यापाऱ्याच्या बाबतीत 'मालक' या शब्दाकडेही पाहावयास हवे. अनेक घरांत स्कूटर दुकानाच्या किंवा फर्मच्या नावावर असते, किंवा काकांच्या, आजोबांच्या. पुतण्याला चावी देणारे काका पालक नसले तरी मालक असतात. विम्याचे गणितही येथेच बिघडते. चालकाकडे योग्य परवाना नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. दुसऱ्याला इजा झाली असेल तर न्यायाधिकरण बहुधा कंपनीला आधी भरपाई देण्यास सांगते आणि नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वर्णसिंग खटल्यातील निकालापासून ही 'आधी द्या, मग वसूल करा' पद्धत परिचित आहे. कमावता माणूस गेलेल्या कुटुंबाला मिळणारी भरपाई काही लाखांत असते. दोन पिढ्यांनी जमवलेले दुकान अशा एका वसुलीत गहाण पडू शकते.

पैशाचा विचार आधी आला, तो व्यापारी घरातील संभाषण बहुधा तेथूनच सुरू होते म्हणून. पण 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांत दुचाकीवरचे 74,897, म्हणजे शेकडा 44 हून अधिक. हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या 50,029. 19 मे 2024 रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा सारा देश त्या मुलाला लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर चर्चा करीत राहिला. त्या रात्री चावी कोणी दिली हा प्रश्न त्यामानाने कमी विचारला गेला.

जाहिरातींना आवर घालणारे नियम नाहीत असेही नाही. 1985 साली स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेची संहिता आहे. वाहनांच्या जाहिरातींत वाहतुकीचे नियम मोडलेले दाखवू नयेत, बेफाम चालवण्यास उत्तेजन मिळेल अशा रीतीने वेग दाखवू नये, असे ती सांगते. ग्राहक संरक्षण कायद्याखाली जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांत मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींसाठी स्वतंत्र तरतूद आहे. पण हे सारे मोठ्या कंपन्यांच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातींपर्यंत पोहोचते. तालुक्याच्या गावातील पत्रकापर्यंत आणि व्हॉट्सॲपवरच्या चित्रापर्यंत कोण पोहोचणार? तेथे वाचणारा पालक हाच परीक्षक.

समाजाला या विषयाचा आणखी एक संबंध आहे. चातुर्मासाआधी आणि नंतर साधु-साध्वींचा विहार याच रस्त्यांवरून होतो, बहुधा पहाटेच्या अंधुक प्रकाशात, अनवाणी पायांनी. विहारातील अपघातांच्या बातम्या ऐकून किती घरांत त्या दिवशी चूल पेटली नसेल! पुढे चार हात जमीन पाहून पाऊल टाकण्याची ईर्यासमिती जे पाळतात, त्यांना मागून येणाऱ्या गाडीपासून स्वतःला वाचवता येत नाही. त्यांच्यासोबत विहारसेवेला चालणारी मुले पुष्कळदा याच सोळा-सतरा वर्षांची असतात. रस्त्याच्या कडेने चालताना मागून येणारी गाडी कशी वाटते हे त्यांना कोणत्याही फलकापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. ड्रायव्हिंगचा पहिला धडा त्यांच्याकडून ऐकावा.

मुलाला नुसते 'नाही' म्हणून भागत नाही. एसटीचा विद्यार्थी पास आहे, ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत प्रवास आहे, गावातल्या गावात सायकल आहे. दुकानाचा माल पोहोचवायला अठरा पूर्ण केलेला नोकर किंवा रिक्षा लागते. त्याचा खर्च धंद्याच्या खर्चात धरावा, मुलाच्या सुट्टीत नव्हे. अंगणात, बंद फाटकाच्या आत, वडिलांनी ब्रेक आणि तोल शिकवायला हरकत नाही. कायदा सार्वजनिक जागेविषयी बोलतो.

त्यातूनही घरात वाद झालाच, तर गल्ल्यावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवावेत. एक गाडीचे नोंदणी पुस्तक, क्षमतेचा रकाना वर करून. दुसरा लायसन्सचा अर्ज, वाहनाचा प्रकार लिहिलेला. दोन आकडे मुलालाच मोठ्याने वाचू द्यावेत. हिशेबाच्या घरात वाढलेल्या मुलाला न जुळणारे आकडे ओळखायला वेळ लागत नाही. अठरावा वाढदिवस झाला की त्याच मुलाला ओरोसच्या परिवहन कार्यालयाकडे गियरच्या दुचाकीचा अर्ज थेट करता येतो. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. त्या तीस दिवसांत मागे मित्राला बसवता येत नाही, हे पत्रकावर छापलेले नसते.